खालच्याचा डाव

दोन पावसाळे पाठोपाठ कोरडे गेले, तेव्हा गावाबाहेरच्या कापसाच्या सहकारी जिनिंगमध्ये पुन्हा माणसं वावरू लागली. जिनिंग बंद पडून बरीच वर्षं झाली होती. यंत्रं गंजून गेली होती, गोदामाच्या पत्र्यांवर पारव्यांनी घरं केली होती. दूध संस्थेचे चेअरमन अर्जुनराव यांनी खटपट करून तिथल्या आवारात चारा छावणी उघडली. पार चकलांब्याकडून लोक बैलं, गाई हाकत आले. जनावरामागं माणूस आला आणि माणसामागं लेकरं आली.

लेकरांचं आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एका दुपारी पाण्याचा टँकर रिकामा झाला, ड्रायव्हरनं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली आणि कुणीतरी जीव खाऊन ओरडलं. टँकरच्या सावलीत, मागच्या चाकाला डोकं टेकून, भारत नावाचं सहा वर्षांचं पोर गाढ झोपलं होतं. चाक त्याच्या केसाला लागायचंच राहिलं होतं. अर्जुनरावांना त्या दिवशी घास गेला नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी केसरबाईला बोलावणं धाडलं.

केसरबाईनं सारी हयात अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली होती. लेक जालन्याला दिलेली, नवरा कधीच गेलेला. घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. ती आली, कमरेवर हात ठेवून तिनं आवार न्याहाळलं आणि म्हणाली, "आबा, पाळणाघर चालवते मी. पर जागा माझी. तिथं मोटरसायकल येणार न्हाई, जनावर येणार न्हाई, आन् बिडी पेटणार न्हाई."

"तुमचंच राज्य," अर्जुनराव म्हणाले.

गोदाम आणि लिंबाचं झाड यांच्यामधली मुरमाची जागा तिनं निवडली. गाठींच्या लोखंडी पट्ट्या वेचल्या, काचा वेचल्या, पाण्याच्या टिपाडाला झाकण करून घेतलं, तिन्ही अंगांनी बाभळीचं कुंपण घातलं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती कोपरा न् कोपरा झाडायची. त्या जागेचा खडा न् खडा आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटायचं.

खिचडी शिजवायला मदिनाबी होती. तिचा नवरा गावात सायकली दुरुस्त करायचा. दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं.

लेकरं कुणाकुणाची, गावोगावची. दोन दिवस बुजली, मग खेळायला लागली. फक्त एक पोरगी भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. तिचं नाव सोजर. आजीचं नाव ठेवलेलं. पाच वर्षांची असेल. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. बाप शहादेव दिवसभर चाऱ्याच्या रांगेत, आई मथुरा शेणात. लेकरं आंधळी कोशिंबीर खेळत, टाळ्या वाजवून डोळे बांधलेल्याला हुलकावणी देत. सोजरवर राज्य आलं की ती मधोमध नुसती उभी राहायची. टाळ्या तिच्या कानावर पडायच्याच नाहीत. मग पोरं तिला हाताला धरून बाहेर काढायची.

"तिला काय कळत न्हाई, बाई," भारत म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता.

एकदा मात्र केसरबाईनं पाहिलं, भारतानं सोजरच्या पाठीमागं झाडाच्या पारावरून उडी टाकली आणि ती गर्रकन वळली. केसरबाई चमकली. ती स्वतः थोडी लांब गेली आणि टाच आपटली. सोजरनं मान वळवून बरोबर तिच्याकडं पाहिलं आणि हसली. त्या पोरीचे कान तिच्या तळपायांत होते.

त्या दिवशी केसरबाईनं नवा खेळ काढला. मधे उभं राहील त्याचे डोळे बांधायचे. बाकीच्यांनी गोल करायचा. बाई खुणावील त्यानं पाय दणकवायचा, आणि दणका कुठून आला ते मधल्यानं बोटानं दाखवायचं. पण ज्यांना ऐकू येतं त्यांनी कानात कापूस घालायचा. कापसाला जिनिंगमध्ये काय तोटा! पडक्या यंत्रांत अजून जुना पिवळा कापूस अडकलेला होता.

पोरांनी खेळाचं नाव ठेवलं दणकी. आणि दणकीत सोजरचा हात कुणाला धरता येईना. इतरांची बोटं भलतीकडं जायची, हिचं बोट सुईसारखं जाग्यावर. दोन-चार दिवसांत पोरं "सोजर माझ्याकडं", "सोजर माझ्याकडं" म्हणून भांडायला लागली. मथुरा एकदा शेणाचे हात तसेच धरून कुंपणापाशी उभी राहिली, लेकीला खेळताना बघितलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

इथवर सगळं चांगलं होतं.

मग एका सकाळी सोजर मधे उभी होती. केसरबाईनं भारताला खूण केली, भारतानं पाय दणकवला. सोजरचं बोट भारताकडं गेलं, आणि लगेच तिथून सरकून लिंबाच्या बाजूला वळलं. तिथं कुणीच नव्हतं. पोरं हसली. केसरबाईनं दुसऱ्या पोराला खुणावलं. सोजरनं त्याला दाखवलं, आणि पुन्हा त्या मोकळ्या जागेकडं बोट केलं. यावेळी तिनं कपाळाला आठी घातली होती, जणू म्हणत होती, एका वेळी दोघं दणकू नका.

केसरबाईला वाटलं, पोरगी दमली.

दुसऱ्या दिवशी राज्य भारतावर होतं. डोळे बांधलेले, कानात कापूस. केसरबाई पदर खोचत होती, तिनं अजून कुणाला खुणावलंही नव्हतं. भारतानं हात उचलला आणि लिंबाच्या बाजूची तीच जागा दाखवली.

"कुणी दणकलं न्हाई बे अजून!" पोरं ओरडली.

भारतानं पट्टी वर केली, मोकळ्या जागेकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "दणकलं की."

पुढच्या दिवसांत केसरबाईच्या लक्षात आलं की पोरं गोल करताना तिथं एकाची जागा सोडतात. कुणी कुणाला सांगत नव्हतं. हातात हात धरून फेर धरायचा झाला तरी त्या जागेशी दोन पोरं हात सोडायची आणि मधे अंतर ठेवून हात तसेच पुढं धरायची, कुणीतरी धरल्यासारखे.

"इथं कावून जागा सोडली?" तिनं विचारलं.

"तिथं एक जण हाय," भारत म्हणाला.

"कोण?"

"नाव न्हाई म्हाईत. खालचा हाय."

केसरबाईच्या पाठीतून थंड ओघळ उतरला. वर ऊन असं होतं की पारवेसुद्धा आढ्याखाली चोची उघडून बसले होते.

"खालचा म्हंजी?"

"खालचा," भारतानं पायाकडं बोट केलं. "त्यालाबी खेळू द्या की बाई. तुमीच म्हनता, खेळायला आलेल्याला परत लावायचं न्हाई."

लेकरांच्या तोंडात गोष्ट किती दिवस राहणार? भारताची आजी बायनाबाई, तोंडानं फटकळ आणि जिवाची भित्री, तिच्या कानावर गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या छावणीत पसरली. शहादेवच्या मुक्या पोरीला बाहेरचं झालंय, ती जमिनीखालच्या कुणाशी तरी खुणा करते, आता बाकीच्या लेकरांनाही लागणार. बायका शहादेवच्या गोठ्यावरून जाताना पदर आवळून घ्यायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सोजर आली नाही. केसरबाई तिला शोधत गेली. पोरगी बैलांच्या दावणीशी बसली होती. तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून दुसरं टोक खुंट्याला बांधलं होतं. आणि ती तळपाय जमिनीला घट्ट टेकवून पाळणाघराच्या दिशेला बघत होती.

"मथुरे, ही काय रीत झाली? लेकरू हाय का वासरू?"

मथुरा रडायला लागली. "मी काय करू बाई? बायनाबाई म्हनती, तिला आणली तर तुमाला छावणीतून उठवू. आमची जनावरं कुठं न्यावी?"

केसरबाईनं गाठ सोडली, सोजरला कडेवर घेतलं आणि भर छावणीतून चालत निघाली. मनातून तिचीही तंतरली होती. पोरीच्या अंगातून तिला बारीक थरथर लागत होती, आणि ती थरथर पोरीची की आपलीच, हे तिला कळेना.

पाळणाघराशी बायनाबाई चार बायका घेऊन उभी होती. अर्जुनरावही आले होते.

"केसरबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "छावणीचं नाव खराब व्हतंय. पोरीला चार दिवस आईपाशी राहू द्या. लोकं शांत झाली की बघू."

"पोरीला काढून काय व्हनार, आबा? भारतबी तीच जागा दावतोय. तिथं काय हाय ते बघा की आधी. पहार आना."

"तिथं काय असनार? मुरूम हाय."

"मग पहार मारायला काय हरकत हाय?"

जिनिंगचा जुना वॉचमन सिदू मागं उभा होता. तो खाकरला, पाय बदलले. "आबा... फार वर्साखाली इथं कुठंतरी बोर घेतलता. पानी लागलं न्हाई. मला वाटतंय, पलीकडं व्हता. का इकडंच... ध्यानात न्हाई."

सगळी लेकरं मदिनाबीनं गोदामात नेली आणि दार ओढून घेतलं. सिदूनं पहार आणली. लिंबाच्या बाजूला, पोरं जागा सोडायची तिथं, त्यानं पहिला घाव घातला. खण्ण असा आवाज येण्याऐवजी भस्स झालं आणि पहार हाताभर आत गेली. सिदूनं हिसका देऊन ती बाहेर काढली. वरचा मुरूम उकरला तर खाली कुजलेला पत्रा. पत्रा गंजून पापडासारखा झाला होता, हात लावताच मोडला.

त्याखाली गोल, काळं भोक होतं. कोरड्या बोरची लोखंडी केसिंग, आतली नळी, कुणीतरी कधीच उपटून नेली होती आणि वर पत्रा टाकून माती लोटली होती. लहान लेकरू सरळ आत उतरेल एवढं ते भोक होतं.

बायनाबाई मटकन खाली बसली. तिचा भारत इतके दिवस त्या पत्र्याच्या काठाशी उड्या मारत होता.

केसरबाई त्या भोकाकडं बघत राहिली. रोज ती ही जागा झाडत होती. धुरळा बसावा म्हणून पाणी शिंपडत होती. पोरांनी ती जागा सोडली नसती, तर त्या पत्र्यानं किती दिवस दम धरला असता?

सिदूनं आत खडा टाकला. सगळ्यांनी कान दिले. खडा पडल्याचा आवाज आलाच नाही. भोकातून गार वारा मात्र वर येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा येत होता.

आणि मग दणका बसला.

आवाज काहीच नव्हता. पण जे अनवाणी होते त्यांच्या तळव्यांना तो लागला. सिदूनं पहार टाकून दिली. केसरबाईच्या पायात चपला होत्या, तरी टाचेतून गुडघ्यापर्यंत काहीतरी चढून गेलं. लेकरानं हट्टानं पाय आपटावा, तसं.

"खडक बसतोय खाली," अर्जुनराव म्हणाले, पण दोन पावलं मागं सरले. "पानी आटलं की बसतोच."

त्यांनी माणूस म्हणून जे करायचं ते सगळं केलं. दोराला मोबाईल बांधून, बत्ती लावून आत सोडला आणि पुन्हा वर ओढून चित्र पाहिलं. दोर पुरला तिथवर नुसता कोरडा खडक. पोलिसांना कळवलं, गावोगाव विचारलं. या भागातलं कुणाचं लेकरू हरवलेलं नव्हतं, आज नाही आणि जुन्या माणसांच्या आठवणीतही नाही. मग दगड आणि मुरूम ओतून बोर बुजवला आणि वर सिमेंटचा थर घातला. तो वाळेपर्यंत अर्जुनराव स्वतः खुर्ची टाकून बसले होते.

बायनाबाई सोजरसाठी साखरेची चपाती घेऊन आली. तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. छावणीतल्या लोकांनी मनाची समजूत घातली: मुक्या लेकराला देवानं दुसरी जाण दिली, तिनं पोकळी ओळखली. चांगली समजूत होती. केसरबाईनंही ती धरून ठेवली.

फक्त लेकरांचा हिरमोड झाला होता. दणकीत सोजर मधे उभी राहायची, बोट उचलायची आणि खाली घ्यायची. भारत कुरकुरला, "त्याला कोंडलं तुमी." केसरबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या रात्री ती पहिल्यांदा निवांत झोपली.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपार होती. गोदामात सतरंजीवर लेकरं ओळीनं झोपली होती. बाहेर सगळी छावणी उन्हानं गप्प झालेली, जनावरंसुद्धा रवंथ करायची थांबलेली. मदिनाबी पातेलं घासायला गेली होती. केसरबाई भिंतीला टेकून हातातल्या पंख्यानं लेकरांना वारा घालत होती. चपला तिनं दाराशी काढल्या होत्या.

तिच्या तळव्याला दणका लागला. हलका. दाराशी.

तिचा पंखा थांबला. मग दुसरा, थोडा आत. पाऊल, आणि पाऊल. दारातून उन्हाचा पट्टा आत पडला होता, त्यात धूळ तरंगत होती. बाकी काही नव्हतं.

सोजरनं डोळे उघडले. ती दाराकडं बघून हसली आणि अंग चोरून थोडी सरकली. तिच्या शेजारची पोरगी झोपेतच सरकली. तिच्या पलीकडचा भारत सरकला. एकामागं एक, डोळे मिटलेले, तोंडं उघडी, लाळ गळते आहे, अशी ती सगळी लेकरं झोपेतच सरकत गेली आणि सोजरच्या शेजारी एका लहान अंगापुरती जागा झाली. सतरंजी तिथं किंचित दबली.

ओरडावं असं केसरबाईला वाटलं. सोजरला उचलून बाहेर पळावं असं वाटलं. पण मग बाकीच्यांचं काय? एवढी लेकरं एका कडेवर थोडीच मावतात! सोजर त्या मोकळ्या जागेकडं तोंड करून पुन्हा निजली, आणि तिनं आपला हात तिथं कुणाच्या तरी अंगावर टाकल्यासारखा टाकला. हात सतरंजीवर पडला नाही. थोडा वरच राहिला.

केसरबाई त्या जागेकडं वळली. उभ्या हयातीत तिनं एकच काम केलं होतं, आणि तोंडातून तेच बाहेर पडलं.

"झोपायचं असलं तर गुमान झोप," ती त्या जागेला म्हणाली. आवाज फाटत होता. "लेकरांना उठवायचं न्हाई. मारामारी करायची न्हाई. आन् खाली ओढायचं न्हाई कुणाला. ऐकलं का?"

जमिनीला एक अगदी हलका दणका बसला. हुंकार भरावा तसा.

केसरबाईनं पंखा उचलला. तिनं ओळीच्या एका टोकापासून वारा घालायला सुरुवात केली, आणि त्या जागेशी आल्यावर ती थांबली नाही.

त्यानंतर लेकरं फेर धरताना पुन्हा एक जागा सोडायला लागली. आता ती जागा रोज वेगळीकडं असायची. केसरबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. मदिनाबीला न सांगता कळलं असावं. एकदा खिचडी वाढताना ती म्हणाली, "अक्का, ये बच्चे आजकाल किसी को गिरने नई देते, देखे क्या?" आणि खरंच, त्या दिवसांत पाळणाघरात कुणाचा गुडघा फुटला नाही. टिपाडावर चढलेलं पोर घसरायच्या आधीच दुसरं कुणीतरी त्याचा पाय धरायला आलेलं असायचं. कुणी बोलावलं म्हणून विचारलं तर पोरं म्हणायची, दणका लागला.

श्रावणात छावण्या बंद करायचा हुकूम आला. कुठं थोडंफार गवत उगवलं होतं, कुठं तेही नाही, पण हुकूम तो हुकूम. टेंपो, बैलगाड्या भरल्या गेल्या. शहादेवनं गाय टेंपोत चढवली. अर्जुनरावांनी खटपट करून सोजरचं नाव अंबाजोगाईला, मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत घालायची व्यवस्था केली होती. मथुरेनं केसरबाईच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

सोजरला टेंपोत बसवल्यावर केसरबाईनं खालूनच तिला विचारलं. शब्दानं नव्हे. तिनं आपली टाच जमिनीवर आपटली आणि दोन्ही हात उताणे केले: तो कुठं?

सोजरनं टेंपोच्या फाळक्यावरून वाकून बघितलं. मग बोट दाखवलं. केसरबाईच्या डाव्या अंगाला, कमरेच्या खाली, लहान लेकरू पदर धरून उभं राहील एवढ्या उंचीवर.

टेंपो गेला. धुरळा खाली बसला. केसरबाईनं डावीकडं बघितलं नाही. तिनं सिदूकडं गोदामाची किल्ली दिली, आपली पिशवी उचलली. मदिनाबी वाटेत उभी होती. तिनं केसरबाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग नजर थोडी खाली गेली.

"अक्का, गावातली रिक्षा बोलवू का? फाटा लई लांब हाय."

"नको गं. जाते हळूहळू."

"डर नई लगता?"

"लागतंय की," केसरबाई म्हणाली. "लई लागतंय. पर आता कुठं धाडू?"

ती फाट्याच्या वाटेला लागली. ऊन कलायला आलं होतं. मदिनाबी बराच वेळ बघत राहिली. केसरबाई एरवी झपझप चालणारी बाई. त्या दिवशी मात्र ती लहान लहान पावलं टाकत, मधेच थांबत, डावा हात थोडा अंगापासून लांब धरून चालली होती.